पाठीखालचा हात

नूतनला दुसऱ्यांदा बघायची खोड होती. एकदा बघून तिचं समाधान म्हणून व्हायचं नाही. गॅस बंद करून ती दाराबाहेर पडायची, चपला घालायची, आणि चपलांसकट पुन्हा आत जाऊन बटण चाचपून यायची. तिच्या मुलाला, सुजयला, गेल्या साली तापात आकडी आली तेव्हा ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. आत आली तर पोराचे डोळे फिरलेले, हातपाय ताठ. पोर वाचलं, आता चांगलं दुडदुड धावतही होतं. पण तेव्हापासून सुजय झोपला की ती त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची, भांडी घासून पुन्हा बघायची, अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा उठायची.

"गो बाय," सासू म्हणायची, "पोराला श्वास घ्यायला तुझी परवानगी लागते काय?"

घर कासूला, नर्सिंगचं कॉलेज पेणला आणि वॉर्डातली ड्यूटी रोह्याला, एका खाजगी मॅटर्निटी हॉस्पिटलात. एक गाव घराच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला. नवरा रितेश कंपनीत शिफ्टला. लग्न आणि बाळंतपण यात नूतनचं शिक्षण मधेच थांबलं होतं. रितेशनं हट्टानं पुन्हा नाव घालायला लावलं आणि ती आता शेवटच्या वर्षाला होती. बरोबरीच्या पोरी तिच्याहून लहान. त्यांच्यातली ऋतुजा तेवढी जवळची, आणि तिनंच नूतनला नाव ठेवलं होतं: 'रिपीट टेलिकास्ट'.

कारण खोड वॉर्डातही तिच्या मागोमाग आली होती. बीपी घेतलं की पुन्हा घ्यायची. सलाईनचे थेंब बघून पुढच्या खाटेपर्यंत जायची आणि मागे यायची. हे चाललं असतं. पण एकदा तिनं डॉक्टरांना जेवणाच्या ताटावरून उठवून आणलं आणि पेशंट बाई निवांत घोरत होती. पुन्हा एकदा तसंच झालं. इन्चार्ज म्हात्रे सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरी, पेशंट झोपला म्हणजे गेला असं नसतं. आणि तू अशी डोळे वटारून उभी राहिलीस, तर चांगला असेल तो पण जायचा."

वॉर्ड हसला. नूतनही हसली.

भाविका मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मॅडम पेणच्या कॉलेजात प्रसूतीचा विषय शिकवायच्या आणि रोह्याच्या पोरींवर देखरेखही त्यांचीच.

"नूतन, तुझं काम वाईट नाही. पण तुझे हात थरथरतात. घाबरलेली नर्स बघून पेशंट घाबरतो. पुन्हा हॉस्पिटलकडून तक्रार आली, तर मला तुला लेबर रूममधून काढावं लागेल. मग वर्ष रिपीट."

आणखी एक वर्ष. आणखी एक वर्ष सासूच्या अंगावर पोर टाकून पहाटे निघायचं. नूतन मान खाली घालून उभी राहिली.

"तू एकटी नाहीस गं," मॅडम जरा मऊ झाल्या. "निम्म्या वर्गाला झोप नाही. म्हणून मी एक तास सुरू करतेय. त्याला मात्र यायचंच."

तो तास मनाच्या व्यायामाचा. पोरी त्याला झोपेचा तास म्हणायच्या. जेवणानंतर प्रात्यक्षिकाच्या हॉलमध्ये चटया टाकायच्या. चारी बाजूंना खाटांवर शिकवणीचे प्लॅस्टिकचे पुतळे, त्यांच्या अंगावर चादरी. मधे जमिनीवर जिवंत पोरी उताण्या. मॅडम कुठल्याशा प्रशिक्षणात हे शिकून आल्या होत्या आणि त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता.

"थांबा. श्वास कुठं लागतोय तेवढं बघा. विचार येईल. त्याच्याशी भांडू नका. त्याला नाव द्या. काळजी. भीती. आठवण. नाव दिलं की त्याला म्हणा, तू विचार आहेस. येऊ दे. जाऊ दे."

"मॅडम, नावं ठेवायची ना?" ऋतुजा पडल्या पडल्या म्हणाली. "ते आमच्या घरात न शिकवता येतं."

हॉल खदखदला. मॅडमनाही हसू आवरेना.

नूतन हसून डोळे मिटायची. पहाटेपासून तिची पाठ पहिल्यांदा जमिनीला लागलेली असायची. डबे, पोराचं दूध, गाडी, लेक्चर, सगळं अंगातून खाली चटईत उतरायचं. मॅडमचा आवाज दूर जायचा. येऊ दे, जाऊ दे, इथपर्यंत तिला ऐकू यायचं. त्यापुढं अंधार.

मॅडमच्या ते लक्षात आलं होतं. एकदा ऋतुजा तिला कोपर मारून उठवायला गेली, तर त्यांनी खुणेनंच थांबवलं. "असू दे. घर करून येते ती. झोपू दे."

हॉल रिकामा झाला की ऋतुजा तिला हलवायची.

"शेवटी काय सांगितलं गो?" नूतन डोळे चोळत विचारायची.

"शेवटी? डोळे उघडा, चटया गुंडाळा, आणि तोंडाची लाळ पुसा."

पण गुण आला, हे खरं. आधी गॅसवर आला. दाराबाहेर पाय पडला, हात परत वळला, आणि नूतननं स्वतःशीच म्हटलं: काळजी. तू विचार आहेस. जाऊ दे. ती तशीच चालत स्टेशनवर गेली आणि घर जळलं नाही. मग सुजयच्या झोपेवर आला. छातीत खड्डा पडायचा, उठावंसं वाटायचं, ती पोटावर हात ठेवून श्वास घ्यायची आणि खड्डा हळूहळू भरून यायचा. सकाळी पोर उठून पोळीला तूप मागायचं.

"आता कशी शहाणी झालीस," सासू म्हणाली.

वॉर्डात हात थरथरायचे थांबले. म्हात्रे सिस्टरांनी मॅडमना तसं मुद्दाम कळवलं, आणि मॅडमनी वर्गात तिला उभं केलं. "बघा. हिला बघा. आपल्याला हेच हवं होतं." नूतनला शाळेनंतर पहिल्यांदा कुणी असं उभं केलं होतं. घरी जाताना गाडीच्या खिडकीत तिला आपला चेहरा दिसला, तोही तिला बरा वाटला.

अमीना आली ती या दिवसांत.

खाडीपलीकडच्या गावातली, पहिलटकरीण. नवरा फैजल कतारला. सोबत आई, हातात थर्मास, बटव्यात अडकित्ता. कळा सुरू असतानाही अमीनाचं तोंड बंद नव्हतं.

"सिस्टर, तुला पोर हाय?"

"हाय. मुलगा."

"मग तूच सांग, किती दुखतं?"

"थोडंच."

"झूट!" अमीना तिचा हात पिळत ओरडली. "मेली एवढी झूट बोलते! अम्मी, या सिस्टरचं नाव लिहून ठेव, बाहेर आल्यावर बघते हिला!"

आई म्हणाली, "तुला बघायला आता वेळ कुठं मिळनार? रात्रभर पोर बघशील."

दुपारी मुलगी झाली. चांगली रडली. फैजलनं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, अक्सा. नूतननं पोरगी पुसून अमीनाच्या छातीवर ठेवली तेव्हा अमीना बारीक आवाजात म्हणाली, "तू झूट बोललीस ते बरं केलंस."

डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनला गेले. म्हात्रे सिस्टरांकडे दोन्ही वॉर्ड. बाळंतिणीवर लक्ष ठेवायचं काम नूतनकडं आलं आणि ते तिला पाठ होतं. नाडी, बीपी, पोटावर हात ठेवून गर्भाशय रक्त थांबण्याइतकं घट्ट आहे ना ते बघायचं, आणि रक्तस्राव. भाविका मॅडमनी पहिल्याच लेक्चरला शिकवलं होतं की पुढचं पॅड बघून फसायचं नाही. बाई उताणी असली की रक्त मागं वाहत जातं, कमरेखालच्या खळग्यात साठतं, आणि पुढं सगळं कोरडं दिसतं. म्हणून पाठीखाली हात घालायचा. दर वेळी.

नूतननं घातला. कोरडा आला. गर्भाशय घट्ट, बीपी चांगलं. ती पुढच्या खाटेकडं गेली, आणि दोन पावलांतच हात परत वळला.

आत्ताच तर बघितलं. काळजी. तू विचार आहेस. जाऊ दे.

थोड्या वेळानं ती ठरल्याप्रमाणं पुन्हा आली. बीपी जरा खाली, पण चालण्यासारखं. नाडी भरभर, बाळंतीण दमलेली असते. पोट किंचित मऊ लागलं. तिनं चोळलं, घट्ट झालं. पॅड जवळजवळ कोरडं. अमीना पोरीला पाजायच्या खटपटीत होती, आई तिच्या पाठीशी उशी लावत होती, सगळं इतकं जुळून आलेलं होतं की त्यात हात घालून बाईला कुशीवर करायचं नूतनच्या जिवावर आलं. तिच्या बोटांना मात्र ते पटेना. बोटं चादरीच्या कडेपर्यंत गेलीही.

"आज कशी शांत हायस," म्हात्रे सिस्टर दारातून जाता जाता म्हणाल्या. "अशीच राहा."

नूतननं बोटं मागं घेतली. खिडकीशी जाऊन उभी राहिली, पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. श्वास आत. श्वास बाहेर. छातीतला खड्डा भरत आला. भीती. येऊ दे. जाऊ दे. तिला खरोखर बरं वाटलं.

"सिस्टर, थंडी वाजते गो हिला," आईनं हाक मारली.

बाळंतपणानंतर हुडहुडी भरतेच. आईनं आपली शाल काढून लेकीवर घातली, नूतननं वरून ब्लँकेट घातलं, कडा नीट खोचल्या. अमीनानं पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. मग ती जांभया द्यायला लागली, एकीमागून एक, तोंड पूर्ण उघडून.

"झोप आली रानीला," आई म्हणाली.

जांभया. रक्तस्रावाच्या धड्यात त्यांच्याबद्दल काहीतरी वाचल्यासारखं नूतनला वाटलं. म्हात्रे सिस्टरांचे शब्द आठवले: पेशंट झोपला म्हणजे गेला असं नसतं. वॉर्डाचं ते हसणं. रिपीट वर्ष. ती पुन्हा खिडकीशी गेली.

तेवढ्यात फोन वाजला. फैजलचा व्हिडिओ कॉल. आईनं फोन आधी पोरीसमोर धरला, मग अमीनासमोर. पलीकडून हसणं, रडणं, अल्लाचं नाव. आणि मग आवाज बदलला.

"अम्मी, ही अशी पांढरी का दिसते?"

"ट्यूबचा उजेड हाय रे."

"उजेड नाही. ओठ बघा तिचे. अमीना? अमीना, इकडं बघ."

नूतन वळली. खिडकीपासून खाटेपर्यंत ती धावली, ब्लँकेट ओढलं, शाल ओढली आणि पाठीखाली हात घातला. मनगटापर्यंत ऊन ऊन ओलं. गादी भिजून जड झाली होती.

तिची किंकाळी वरच्या मजल्यावर ऐकू गेली म्हणतात.

मग सगळे आले. सलाइनी दोन्ही हातांना, इंजेक्शनं, डॉक्टर तसेच गाऊनमध्ये. गर्भाशय घट्ट धरेना. रक्त मागवायचं तर ते बाहेरून. मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं. रुग्णवाहिकेत नूतन अमीनाच्या पोटावर मूठ दाबून गुडघ्यांवर बसली होती, कारण कुणीतरी तशी दाबायलाच हवी होती आणि तिनं कुणाला हात लावू दिला नाही. "अमीना, बोल. शिव्या दे मला. झूट बोलले मी." अमीनाचे डोळे अर्धे उघडे होते. कोलाडच्या नाक्यावर गाडी हायवेला लागताना जरा अडकली. हॉटेलाबाहेर चहा पिणारी माणसं काचेतून आत बघत होती. नाका ओलांडून थोडं पुढं गेलं आणि डॉक्टरांनी नूतनच्या मुठीवर आपला हात ठेवून ती हळूच बाजूला केली. सायरन पुढंही वाजत राहिला, पण आत कसली घाई उरली नव्हती.

नंतर रोह्याच्या हॉस्पिटलात बैठक झाली. डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाचं असं होतं, गर्भाशय आकसतच नाही. म्हात्रे सिस्टर म्हणाल्या, पोरीनंच ओरडून सगळ्यांना गोळा केलं, नाहीतर कळलंही नसतं. भाविका मॅडमनी नूतनच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी तिला काही विचारलं नाही. विचारायला तसं काही दिसतच नव्हतं; नाडी, बीपी, पोट, सगळं वेळच्या वेळी झालेलं. बोटं चादरीच्या कडेपर्यंत जाऊन मागं आली, हे फक्त बोटांना माहीत होतं.

नूतनची झोप गेली. सुजयला ती कडेवरून खाली ठेवेना.

पुढच्या तासाला ती चटईवर पडली तेव्हा दमलेली होती, पण डोळा लागेना. थांबा, मॅडम म्हणाल्या. श्वास बघा. नाव द्या. येऊ दे. जाऊ दे. नूतन नेहमीच्या अंधाराची वाट बघत राहिली. तो आला नाही. मॅडम जरा थांबल्या, आणि नूतननं कधीच ऐकला नव्हता असा पुढचा भाग सुरू झाला.

"आता डोळे उघडा. ज्याची काळजी वाटत होती ते समोर असेल, तर उठा आणि एकदा नीट बघून या. मन शांत केलं ते बघणं टाळायला नाही. नीट दिसावं म्हणून."

नूतन उठून बसली.

"मॅडम, हे आज नवीन सांगितलंत?"

"नवीन? नाही गं, दर वेळी सांगते. हा तर मुख्य..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. नूतनकडं बघत राहिल्या. ऋतुजाचे चटई गुंडाळणारे हात थांबले.

"बाकीच्यांनी जा," मॅडम म्हणाल्या. ऋतुजा दाराशीच रेंगाळली.

"त्या दिवशी, नूतन..."

"हात जात होता मॅडम. पुन्हा पुन्हा जात होता. मी जाऊ दिला नाही. विचार आहे म्हटलं."

मॅडम एका खाटेच्या कडेला बसल्या. पुतळ्याच्या अंगावरची चादर उगाच सरळ करत राहिल्या. "मी तुला उठवू दिलं नाही," त्या म्हणाल्या, तिला नव्हे, चादरीला. मग त्यांनी वर बघितलं. "हे कुणाला बोलू नकोस. ती काही परत येणार नाही. तुझं सगळं जाईल. कॉलेजचं जाईल. ऐकतेस ना?"

दाराशी ऋतुजा तोंडावर ओढणी दाबून उभी होती. "मी पण सांगितलं नाय तुला," ती म्हणाली. "लाळ पुस म्हटलं."

नूतन आपली चटई गुंडाळायला लागली.

अक्साच्या लशीला अमीनाची आई रोह्याला आली तेव्हा नूतन ड्यूटीवर होती. बाई निम्मी झाली होती. पोरगी त्याच शालीत गुंडाळलेली. धुऊन धुऊन शालीचा रंग उडालेला. नूतनला बघताच तिनं पोरगी एका हातावर घेतली आणि दुसऱ्या हातानं नूतनचं मनगट धरलं.

"तूच धावलीस गो. त्या दिवशी तूच धावलीस. फैजलला पण मी तेच सांगितलं, पोरीनं शेवटपर्यंत हात काढला नाय."

नूतनच्या छातीत खड्डा पडला. भीती, तिनं नाव दिलं. श्वास घेतला. आणि मग डोळे मिटायच्या ऐवजी तिनं समोर बघितलं. सुकलेले ओठ. वाट बघणारे डोळे. पलीकडं टेबलाशी म्हात्रे सिस्टर कान देऊन बसलेल्या.

"मावशी, मी उशिरा धावले," ती म्हणाली. "मला आधी वाटलं होतं. पाठीखाली हात घालून बघावं असं वाटत होतं. मी घातला नाही."

म्हात्रे सिस्टरांची खुर्ची करकरली. बाईनं मनगट सोडलं. नूतन शिवीची वाट बघत उभी राहिली, थपडेचीही. कसलीही चालली असती.

बाई बाकावर बसली.

"आधी म्हंजे कधी?" तिनं विचारलं.

"थंडी वाजते म्हणालात, त्याच्याही आधी."

बाईनं पोरीवरच्या शालीची कड बोटांत धरली आणि चुरत राहिली. "शाल मी घातली," ती म्हणाली. "तिच्या अंगाखाली मला पण ओलं लागलेलं. मला वाटलं, बाळाचं हाय. पोरीनं केलं असेल. धुवू मग, म्हटलं." तिनं नूतनकडं बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती. "तू शिकलेली हायस. तू बघायला पायजे होतं."

"व्हय," नूतन म्हणाली.

लशीसाठी कुणीतरी नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. शालीतल्या अक्सानं तेवढ्यात तोंड पूर्ण उघडून एक जांभई दिली, झोपेची, साधी. आणि त्याच क्षणी दोघींचे हात पोरीच्या पाठीखाली गेले.